‘इशारा नाही’ आणि ‘इशारा मिळाला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जिल्हावार पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा वर्तमानपत्रांतून छापून येतो, दूरचित्रवाणीवर दाखवला जातो आणि व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्याच्या जोडीला अलीकडे आणखी एक वाट तयार झाली आहे. ‘उद्या सकाळी ताम्हिणी घाटातून माणगावला जावे का’, ‘परवा सोयाबीनवर फवारणी केली तर ती वाहून जाईल का’ असे प्रश्न लोक मोबाइलमधील एआय सहायकाला विचारू लागले आहेत आणि नेटक्या मराठीतले उत्तर क्षणार्धात समोर येते. ते उत्तर नेमके कोठून येते आणि वाटेत त्याचे काय होऊ शकते, हा प्रश्न मात्र एआयच्या बऱ्यावाईटाविषयीच्या मोठ्या वादात हरवून जातो. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पांसाठी मार्गदर्शनही करतो. सहायकाला हवामानाची माहिती पुरवणारा सर्व्हर, म्हणजे विचारणा आली की माहिती आणून देणारा प्रोग्रॅम, बांधणे हा सध्या या विद्यार्थ्यांच्या विशेष आवडीचा प्रकल्प आहे. त्यात वारंवार दिसणाऱ्या एका उणिवेकडे वाचकांचे आणि हवामान विभागाचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र.

बाहेर आज पाऊस आहे की ऊन, हे सहायकाच्या मुळाशी असलेल्या एआय मॉडेलला स्वतःहून कळत नाही. त्याचे ज्ञान प्रशिक्षणाच्या वेळी वाचलेल्या मजकुरापुरते असते. आजची हवा हवी असेल तर ती कोणीतरी आणून द्यावी लागते. हे आणून देण्याची एक सर्वमान्य पद्धत असावी म्हणून अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, थोडक्यात एमसीपी, ही खुली नियमावली प्रसिद्ध केली आणि पुढच्या काही महिन्यांत ओपनएआय, गूगल यांसारख्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही ती स्वीकारली. तिचा गाभा समजायला सोपा आहे. सर्व्हर आपल्याकडील ‘टूल्स’ची यादी सहायकाला देतो, प्रत्येक टूलचे नाव, ते काय करते याचे साध्या भाषेतील वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याचा तपशील त्या यादीत असतो. विचारलेला प्रश्न पाहून कोणते टूल वापरायचे हे मॉडेल ठरवते, सर्व्हर हवामान संस्थेच्या यंत्रणेकडे विचारणा करतो आणि आलेले उत्तर बहुधा मजकुराच्या रूपात मॉडेलच्या हाती ठेवतो. पुढचे सगळे बोलणे मॉडेल त्या मजकुराच्या आधारे करते. त्यामुळे सर्व्हर लिहिणाऱ्याने त्या मजकुरात काय ठेवले, काय गाळले आणि काहीच हाती लागले नाही तेव्हा काय लिहिले, यावर आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या उत्तराची विश्वासार्हता अवलंबून असते.

हा सर्व्हर दोन प्रकारे चालतो. पहिल्या प्रकारात तो वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर, सहायकाच्या प्रोग्रॅमच्या शेजारीच चालतो आणि दोघांमध्ये थेट देवाणघेवाण होते. हा प्रकार शिकण्यासाठी सोयीचा आहे. दुसऱ्या प्रकारात तो जाळ्यावर, म्हणजे इंटरनेटवर, एका पत्त्यावर उभा असतो आणि कोणाचाही सहायक त्या पत्त्यावर विचारणा करू शकतो. त्यासाठीची ‘स्ट्रीमेबल एचटीटीपी’ नावाची पद्धत नियमावलीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत आली आणि तेव्हापासून असा सार्वजनिक सर्व्हर उभा करणे चांगल्या विद्यार्थ्याला सहज जमण्याजोगे झाले आहे. फरक तांत्रिक वाटला तरी त्याला जबाबदारीची बाजू आहे. स्वतःच्या संगणकावरील चुकीचा त्रास एकाला होतो, तर जाळ्यावरच्या सर्व्हरमधील तीच चूक किती जणांच्या प्रवासाच्या, मासेमारीच्या किंवा मळणीच्या निर्णयात शिरेल याचा अंदाज तो बांधणाऱ्यालाही करता येत नाही.

या नियमावलीच्या अधिकृत दस्तऐवजांत नवशिक्यांसाठी दिलेले उदाहरण हवामानाचेच आहे. त्यात दोन टूल्स आहेत. एक अमेरिकेतील राज्याचे दोन अक्षरी लघुनाम घेऊन तेथील चालू इशारे आणते, दुसरे अक्षांश-रेखांश घेऊन अंदाज आणते, आणि दोन्ही टूल्स अमेरिकेच्या ‘नॅशनल वेदर सर्व्हिस’च्या खुल्या यंत्रणेकडे विचारणा करतात. ही यंत्रणा आदर्श म्हणावी अशी आहे. तिला शुल्क नाही, नोंदणी नाही. विचारणाऱ्याने आपण कोण हे विनंतीत नमूद करावे, अशी अट आहे. अक्षांश-रेखांश दिल्यावर तो बिंदू कोणत्या अंदाज कार्यालयाच्या हद्दीत आणि अडीच किलोमीटरच्या जाळीतील कोणत्या चौकोनात पडतो हे ती आधी सांगते आणि मग त्या चौकोनाचा अंदाज देते. करदात्यांच्या पैशातून तयार झालेली माहिती करदात्यांच्या प्रोग्रॅमला सहज वाचता यावी, हा विचार त्यामागे आहे.

उदाहरण शिकवण्यासाठी उत्तम आहे. परंतु मी पाहिलेल्या त्याच्या, पायथन या संगणकीय भाषेतील आवृत्तीत एक जागा अशी आहे की जिच्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने थांबावे. हवामान संस्थेकडे केलेली विचारणा कोणत्याही कारणाने फसली, म्हणजे तीस सेकंदांत उत्तर आले नाही, समोरचा सर्व्हर बंद होता किंवा मधली जोडणी तुटली, तर प्रोग्रॅम ते कारण गिळून टाकतो आणि पुढे ‘काहीच नाही’ एवढेच पाठवतो. त्यावर टूल मॉडेलला सांगते की ‘इशारे मिळवता आले नाहीत किंवा कोणतेही इशारे आढळले नाहीत’. विचारणा यशस्वी होऊन इशाऱ्यांची यादी रिकामी आली तर त्यासाठी वेगळे वाक्य आहे, हे खरे. पण फसलेल्या विचारणेच्या वाक्यातही ‘किंवा’ घालून दोन्ही शक्यता एकत्र ठेवल्या आहेत. छोट्याशा धड्यात हे चालून जाते आणि तो धडा लिहिणाऱ्यांनी त्याला सार्वजनिक सेवा म्हटलेलेही नाही. परंतु विद्यार्थी धडा उतरवून घेतात, त्यावर आपले नाव घालतात आणि सर्व्हर जाळ्यावर ठेवतात, तेव्हा हा ‘किंवा’ जसाच्या तसा पुढे जातो. बऱ्याच प्रकल्पांत तर तो आणखी आखडून ‘सध्या कोणताही इशारा नाही’ असा झालेला मी पाहिला आहे, कारण प्रात्यक्षिकाच्या वेळी ते वाक्य परीक्षकांना अधिक स्वच्छ दिसते.

आता हे वाक्य मॉडेलच्या हाती पडल्यावर काय होते ते पाहावे. मॉडेलचा कल विचारणाऱ्याला उपयोगी पडेल असे, सलग आणि नेमके उत्तर देण्याकडे असतो. ‘मिळाले नाहीत किंवा नाहीत’ यातून ते बहुधा दुसरा अर्धा भाग उचलते आणि ‘रायगड जिल्ह्यासाठी सध्या इशारा नाही, तरी घाटात गाडी सावकाश चालवा’ असे सांगून मोकळे होते. ऐकणाऱ्याला यात काही खटकण्यासारखे नसते. आणि असे होण्याची शक्यता सर्वांत जास्त नेमकी कधी असते? ज्या दिवशी पाऊस कोसळतो त्या दिवशी सगळे एकाच वेळी हवामान विभागाचे संकेतस्थळ उघडतात, मोबाइलचे मनोरे वीज गेल्याने बंद पडतात, जोडण्या तुटतात. म्हणजे इशारा असण्याचा दिवस आणि तो न पोहोचण्याचा दिवस बहुतेक वेळा एकच असतो. कोरड्या जानेवारीत हा सर्व्हर बिनचूक चालतो, परीक्षा पार पडते, आणि तोच प्रोग्रॅम जुलैत लोकांना दिलासा देत बसतो.

यावर उपाय अवघड नाही, नियमावलीतच तो आहे. टूलच्या उत्तरासोबत ‘ही विचारणा फसली’ असे सांगणारी एक खूण पाठवण्याची सोय तीत केलेली आहे आणि जून २०२५ च्या आवृत्तीपासून उत्तर मोकळ्या मजकुराबरोबर ठरावीक रकान्यांतही देता येते. ती खूण वापरावी आणि तिच्या जोडीला मजकूरही असा लिहावा की मॉडेलला पळवाट राहू नये. उदाहरणार्थ, ‘हवामान विभागाकडून सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी उत्तर आले नाही. शेवटचे यशस्वी उत्तर सकाळी ६ वाजताचे असून त्यात रायगड जिल्ह्यासाठी नारिंगी इशारा होता. आता इशारा नाही असे या उत्तरावरून समजू नये व तसे वापरकर्त्याला सांगू नये.’ वाचायला हे रुक्ष आहे. पण मॉडेल असा मजकूर सहसा पाळते, आणि निदान ते काय म्हणाले हे नंतर तपासता येते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना गुण देणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी एकदा तरी इंटरनेटची वायर काढून पाहावी आणि मग सहायक काय बोलतो ते ऐकावे.

दुसरी गोष्ट वेळेची. त्याच शिकाऊ उदाहरणात इशाऱ्याचे पाच रकाने मॉडेलकडे जातात, ते म्हणजे प्रकार, क्षेत्र, तीव्रता, वर्णन आणि सूचना. इशारा कधीपासून लागू आणि कधी संपणार, हे अमेरिकी यंत्रणा स्वतंत्र रकान्यांत देत असूनही उदाहरणात ते रकाने घेतलेले नाहीत. तेथील वर्णनाच्या मजकुरात बहुधा वेळ लिहिलेली असते, म्हणून फारसे बिघडत नाही. आपल्याकडे मात्र दोन फार वेगळ्या आयुष्याच्या गोष्टी एकत्र येतात. जिल्हावार इशारा दिवसाच्या हिशेबाने असतो, तर विजांचा कडकडाट आणि जोराच्या सरींसाठी दिला जाणारा तात्कालिक अंदाज जेमतेम तीन तासांचा असतो. जाळ्यावरच्या सर्व्हरला प्रत्येक विचारणेगणिक हवामान विभागाचे दार ठोठावणे परवडत नाही, विभागालाही ते सोसणार नाही, म्हणून एकदा आणलेले उत्तर काही काळ साठवून तेच सर्वांना देण्याची पद्धत आहे. ही साठवण जिल्हावार इशाऱ्यासाठी अर्धा तास ठेवली तर कोणाचे नुकसान होत नाही. तीच साठवण तात्कालिक अंदाजाला लावली तर त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा सर्व्हरच खाऊन टाकतो. शिवाय इशारे सुधारले जातात आणि रद्दही होतात. ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ या इशारे लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय साच्यात नवा इशारा, सुधारित इशारा आणि रद्द केलेला इशारा असे वेगवेगळे प्रकार दिलेले आहेत, सर्व्हरने नुसता ‘लाल’ हा शब्द उचलला आणि तो संदेश कोणत्या प्रकारचा आहे हे पाहिले नाही, तर मागे घेतलेला इशाराही तो उत्साहाने सांगत राहील.

सर्वांत रंजक, आणि माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिला गेलेला भाग आहे तो गावांच्या नावांचा. अमेरिकी उदाहरणात राज्याचे लघुनाम किंवा अक्षांश-रेखांश द्यायचे असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. आपल्याकडे माणूस गावाचे नाव सांगतो. ‘कर्जतला उद्या पाऊस आहे का’ असे कोणी विचारले तर सर्व्हरने कोणते कर्जत धरायचे? रायगड जिल्ह्यातील कर्जत सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे आणि तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण तालुक्यात मोडते. एकासाठी चिंता दरड कोसळण्याची, दुसऱ्यासाठी पेरणी दुबार करावी लागण्याची. खेड पुणे जिल्ह्यात आहे तसे रत्नागिरीतही आहे, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशीममध्ये, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये, सेलू परभणीत आणि वर्ध्यात, शिरूर तर पुणे, बीड आणि लातूर या तिन्ही जिल्ह्यांत. गावाच्या नावावरून अक्षांश-रेखांश काढून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवा बहुधा लोकसंख्येच्या किंवा आपल्या अंदाजाच्या क्रमाने पहिले नाव पुढे करतात आणि घाईत लिहिलेला सर्व्हर ते पहिले नाव मुकाट्याने घेतो. त्यात २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबादची आणि त्यानंतर अहमदनगरची नावे बदलल्याने जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी यांचा मेळ बसवण्याचे काम वाढले आहे. सहायकाकडे ‘आपल्याला रायगडमधील कर्जत म्हणायचे आहे की अहिल्यानगरमधील’ असा उलट प्रश्न करण्याची क्षमता आहे. पण सर्व्हरने एकच कर्जत पुढे केले तर त्याला शंका येण्याचे कारणच उरत नाही. एकाहून अधिक जागा सापडल्या तर त्या सगळ्या जिल्हा व तालुक्यासह परत द्याव्यात आणि निवड माणसावर सोडावी, एवढा साधा नियम पाळला तरी बरेच काम होईल.

गाव नक्की झाले म्हणजे प्रश्न संपतो असेही नाही. मुंबईचे प्रादेशिक हवामान केंद्र पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देते, कारण महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मि.मी.च्या वर पाऊस होतो आणि तेथून घाट उतरून आल्यावर लागणाऱ्या वाईला त्याच्या पाव हिश्श्याइतकाही होत नाही. ‘पुणे’ एवढेच विचारणाऱ्याला सपाटीचा पिवळा इशारा सांगायचा की घाटाचा नारिंगी, हे सर्व्हरच्या रचनेत आधीच ठरवून ठेवावे लागते, आणि माझे मत असे की दोन्ही सांगावेत. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये देशाला अर्पण झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या जाळीवर अंदाज काढते. ही मोठीच प्रगती आहे, तरी सह्याद्रीच्या एका सोंडेवर आणि पलीकडच्या दरीत काय होईल हे सहा किलोमीटरच्या चौकोनातून सांगता येत नाही. अशा वेळी सर्व्हरने चौकोनाचा आकडा गावाचा आकडा म्हणून देऊ नये. तो कोणत्या चौकोनाचा आहे हे सोबत द्यावे.

आकड्यांच्या बाबतीत मुंबईकरांना २६ जुलै २००५ ची आठवण पुरेशी आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मि.मी. देखील झाला नाही. त्या दिवशी ‘मुंबईत किती पाऊस झाला’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणारे कोणतेही टूल, मग त्याने कोणताही आकडा निवडलेला असो, अर्ध्या शहराला चुकीचे सांगेल. आणि येथेच वेळेचाही एक खाचखळगा आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत मोजतात, म्हणून २६ तारखेच्या दुपारी कोसळलेला हा पाऊस २७ जुलैच्या सकाळच्या नोंदीत येतो. जागतिक प्रमाणवेळेनुसार दिवस मोजणाऱ्या परदेशी सेवा घेतल्या तर त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. दिनदर्शिकेचा दिवस, नोंदीचा दिवस आणि सेवेचा दिवस असे तीन दिवस एकमेकांवर सरकतात आणि मॉडेलला नुसती तारीख दिली तर त्यातला कोणता हे त्याला कळायला मार्ग नसतो. प्रत्येक आकड्यासोबत ‘अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, भारतीय प्रमाणवेळ’ असे लिहिणे एवढेच त्याचे औषध.

अमेरिकी यंत्रणा भारतातील अक्षांश-रेखांश स्वीकारत नाही, हे लक्षात आल्यावर विद्यार्थी बहुधा ‘ओपन-मेटिओ’सारख्या जगभराचे अंदाज देणाऱ्या सेवेकडे वळतात. ती अव्यावसायिक वापरासाठी विनामूल्य आहे, नोंदणी लागत नाही, आणि चांगली आहे. पण ती गणिती प्रारूपांचे आकडे देते. भारतीय हवामान विभागाचा इशारा देत नाही, तसा तिचा दावाही नाही. मग प्रकल्पात ‘इशारा’ नावाचे टूल हवे म्हणून काही जण आकड्यांवरून स्वतःच रंग ठरवतात. चोवीस तासांत ६४.५ मि.मी.च्या वर गेले की जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार, हे विभागाचे वर्गीकरण सर्वश्रुत आहे. त्याला रंग चिकटवले की काम झाले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात विभागाचा रंग म्हणजे नुसते पावसाचे माप नव्हे. लोकांनी सावध राहायचे, तयार राहायचे की लगेच हालचाल करायची हे तो रंग सांगतो आणि संभाव्य परिणाम व शक्यता यांचा विचार करून अंदाजकर्ते तो ठरवतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, हीदेखील विभागाची ठरलेली व्याख्या आहे. ती सोबत दिली नाही तर ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ हा अंदाज सहायकाच्या तोंडी ‘उद्या जोरदार पाऊस’ होऊन येतो. सर्व्हरने रंग स्वतः बनवू नये, आणि बनवलाच तर त्याला इशारा म्हणू नये, यावर मी तरी तडजोड करणार नाही.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात. जाळ्यावर उभा सर्व्हर कोणत्या ठिकाणाहून विनंती येते आहे हे तपासतो की नाही, एकाच ठिकाणाहून येणाऱ्या विनंत्यांवर मर्यादा घालतो की नाही, या गोष्टी नियमावलीत आणि कोणत्याही चांगल्या पाठ्यक्रमात सांगितलेल्या आहेत. मला वेगळेच सुचवायचे आहे. चार दशांश स्थळांपर्यंत दिलेले अक्षांश-रेखांश अकरा मीटरच्या आत जागा दाखवतात, म्हणजे कोणाचे घर हे कळते. दोन दशांश स्थळांत एक किलोमीटरच्या आसपासची अचूकता मिळते आणि पावसाच्या अंदाजाला ती पुरते. तेव्हा जास्तीची स्थळे सर्व्हरने आल्या पावली कापून टाकावीत.

हे सगळे विद्यार्थ्यांवर आणि हौशी मंडळींवर सोडणे मात्र योग्य नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे व्यासपीठ विविध संस्थांचे इशारे ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’च्या साच्यात आधीच प्रसृत करते आहे; त्यात प्रसृत करणारी संस्था, लागू होण्याची व संपण्याची वेळ, तीव्रता आणि क्षेत्र हे रकाने असतात. म्हणजे कच्चा माल तयार आहे. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांसाठी उंच लाटांचे इशारे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. मुंबई व नागपूर येथील प्रादेशिक केंद्रे महाराष्ट्राचे जिल्हावार इशारे देतात. १८७५ साली स्थापन झालेल्या आणि १९२८ पासून पुण्याशी जवळचा संबंध असलेल्या हवामान विभागाने या माहितीवर स्वतःचा, केवळ वाचनापुरता, एमसीपी सर्व्हर जाळ्यावर उभा करावा, अशी माझी मागणी आहे. त्याचा खर्च विभागाच्या एका रडारच्या खर्चापुढे नगण्य असेल. अधिकृत पत्ता एकदा ठरला की सहायक तयार करणाऱ्या कंपन्यांना त्याच पत्त्यावर विचारा असे सांगता येईल, आणि चुकीचे सांगितले गेले तर ते विभागाकडून चुकले की सहायकाकडून, हे शोधता येईल. आज तो माग काढायलाच जागा नाही.

याला विरोध होऊ शकतो, आणि त्यातील एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. असा सर्व्हर विचारल्याशिवाय बोलत नाही. अमेरिकेत टेक्सासमधील केर काउंटीसाठी अचानक येणाऱ्या पुराचा इशारा ४ जुलै २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता, खुल्या यंत्रणेवर तो कोणत्याही प्रोग्रॅमला वाचता येत होता, आणि तरीही शंभराहून अधिक माणसे गेली. त्या वेळी लोक झोपेत होते. इर्शाळवाडीवर दरड कोसळली तीही १९ जुलै २०२३ च्या रात्री. रात्री कोणी सहायकाला प्रश्न विचारत नाही. म्हणून मोबाइलवर आपोआप वाजणारा इशारा, भोंगा, तलाठी-पोलीस पाटलांची साखळी यांना हा सर्व्हर पर्याय नाही आणि तसा तो कोणी मांडूही नये. त्याचे काम दिवसा, शांतपणे निर्णय घेणाऱ्या माणसाला खरी माहिती देण्यापुरते आहे. दुसरा आक्षेप असा घेतला जातो की एआयच्या तोंडी अधिकृत इशारा गेला तर त्याची मोडतोड होईल. मोडतोड आजही होतेच आहे. मूळ मजकूर, वेळ आणि पत्ता सोबत नसल्याने ती आपल्याला दिसत नाही, इतकेच.

सुरुवात साऱ्या देशापासून करण्याची गरज नाही. कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या जिल्ह्यांसाठी दोनच टूल्स पुरेत. एक जिल्ह्याचा व घाट भागाचा चालू इशारा त्याच्या मूळ मराठी मजकुरासह, प्रसृत झाल्याच्या आणि संपण्याच्या वेळेसह देणारे. दुसरे गावाचे नाव घेऊन त्या नावाची सगळी ठिकाणे तालुक्यासह परत देणारे. विचारणा फसली तर फसली असे सांगणारी खूण दोन्हींत असावी. विभागाने हे दोन साचे जाहीर केले तर ते पुढच्या जूनपूर्वी तपासून द्यायला पुणे, मुंबई, नाशिक आणि पणजीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले आनंदाने पुढे येतील. त्यांना या कामात किती रस आहे हे मी रोज पाहतो आहे.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे